शब्दचर्चा: पाळीपाळीने चाली करायच्या युद्धखेळांत ‘बगल’, ‘वचक’, ‘वेढा’ आणि ‘मोड’

षट्कोन
सिव्हिलायझेशन ६ हा संगणकावरचा, षट्कोनी घरांवर पथकं हलवायचा खेळ खेळणाऱ्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहितोय. तीन शब्द अडलेत: फ्लँकिंग, झोन ऑफ कंट्रोल, सीज. ‘बगल’, ‘नियंत्रणक्षेत्र’ आणि ‘वेढा’ चालतील का?

फळीकर
‘बगल’ नको. बगलेवर मार म्हणजे शत्रूचं तोंड एकीकडे आणि घाव दुसरीकडून. सिव्हमध्ये पथकाला तोंडच नसतं. ‘मिलिटरी ट्रॅडिशन’ (खेळात मिळवायची एक प्रगती) मिळाल्यावर लक्ष्याला खेटून आपली जितकी इतर पथकं उभी, त्या प्रत्येकामागे बळात +२; मग ती समोर असोत की मागे. ही सरळ ‘कोंडी’ आहे. बळ सारखं असेल तर एका घावात सरासरी ३० जातात (पथकाची एकूण तब्येत १००), आणि बळातल्या एका गुणाच्या फरकाने मार साधारण ४ टक्क्यांनी बदलतो. तीन साथीदार उभे केलेत तर +६, म्हणजे ३८ च्या आसपास. हा फायदा हातघाईचा. बाण मारताना तो मिळत नाही, हे मार्गदर्शिकेत ठळक लिहा.

खरी बगल हवी असेल तर फील्ड ऑफ ग्लोरी २ हा दुसरा युद्धखेळ पाहा. तिथे प्रत्येक पथकाला तोंड आहे. समोरच्याशी झुंजत असलेल्या पथकावर बाजूने किंवा मागून हलकं नसलेलं पथक आदळलं, की त्याची एकजूट तिथल्या तिथे एक पायरी खाली येते.

दफ्तरी
आणि ‘बगल देणे’ म्हणजे टाळून जाणे, हे विसरू नका. ‘घोडदळाने भालाईतांना बगल दिली’ असं लिहिलंत तर वाचक समजेल की घोडे लांबून निघून गेले. हल्ल्यासाठी ‘बगल मारणे’ किंवा ‘बगलेवर घालणे’. वळसा घालून पुढे जायचं असेल तिथे मात्र ‘बगल देणे’ चपखल आहे.

षट्कोन
मग झोन ऑफ कंट्रोल?

दफ्तरी
‘नियंत्रणक्षेत्र’ सरकारी परिपत्रकातलं वाटतं. ‘वचक’ घ्या. पथकाचा भोवतीच्या सहा घरांवर वचक. शत्रू त्यातल्या एका घरात शिरला की त्याची पुढची चाल थांबली. क्रियापदही आपसूक मिळतं: वचक बसतो, वचक मोडतो.

फळीकर
वचक चांगला. फक्त दोन अपवाद पहिल्याच परिच्छेदात द्या. धनुर्धारी आणि कॅटापुल्ट (दगड फेकणारं यंत्र) यांचा वचक नसतो. घोडदळ वचक जुमानत नाही. नवखे हमखास धनुर्धाऱ्यांची रांग लावून ‘खिंड अडवली’ म्हणतात आणि शत्रू त्यांच्या मधून आरामात निघून जातो. धनुर्धाऱ्यांच्या पुढे भालाईत ठेवायचे. घोडदळाविरुद्ध त्यांना +१० आहे.

तोफखाना
‘वेढा’बद्दल कुणी बोललंच नाही. नुसतं शहराजवळ तळ टाकणं म्हणजे वेढा नाही. शहराभोवतालचं प्रत्येक घर एकतर आपल्या ताब्यात हवं किंवा आपल्या वचकाखाली. तसं झालं की शहराची तब्येत सुधारणं बंद पडतं; एरवी पाळीला २० भरून येतात आणि तुमची मेहनत पाण्यात. सपाट जमिनीवर, समोरासमोरच्या दोन घरांत एकेक पायदळ पथक ठेवलं तरी सहा घरं झाकली जातात, कारण प्रत्येकाचं स्वतःचं घर आणि शेजारची दोन. बंदराच्या शहरात पाण्याची घरं उघडी राहतात, तिथे गलबत लागतं.

तटापाशी जायची वेळ आली की शब्द बदलतो. कॅटापुल्ट दोन घरं दूर लावणं म्हणजे ‘मोर्चे लावणे’. हल्ली मोर्चा म्हटलं की घोषणा आठवतात, पण किल्ल्याच्या वेढ्यातला जुना अर्थ हाच. कॅटापुल्टला एकाच पाळीत जागा बदलून मारा जमत नाही, म्हणून मोर्चा बसेल त्या पाळीत मार शून्य धरा. धनुर्धाऱ्यांना तटावर -१७ आहे, तेव्हा तट पाडायचं काम त्यांच्याकडे देऊ नका. सगळ्या बाजूंनी एकदम चढायचं तर ‘सुलतानढवा’. तो तट पडल्यावर. आधी केलात तर पायदळाचा बहुतेक मार तट गिळतो आणि उलटा मार पुरेपूर खाता.

षट्कोन
आणि रॅम (तट फोडायचा ओंडका), सीज टॉवर (तटाला भिडवायचा मनोरा)? ‘वेढामनोरा’ असं काहीतरी सुचतंय.

तोफखाना
‘वेढामनोरा’ कुणी म्हणणार नाही. रॅम तसाच ठेवा, सगळे तेच म्हणतात. सीज टॉवरची क्रिया मात्र ‘माळ लावणे’ (तटावर चढायला शिडी लावणे) अशी सांगता येईल, कारण तो तट न पाडता माणसं आत पोचवतो. दोन्हींचा फायदा पायदळाला आणि भालाईतांना, घोडेस्वारांना नाही.

दफ्तरी
फळीकर, फील्ड ऑफ ग्लोरीतल्या एकजुटीच्या त्या पायऱ्यांना काय म्हणता?

फळीकर
चार आहेत: शाबूत, विस्कळीत, खिळखिळी, मोड. शेवटचीला ‘पराभव’ म्हणू नये. एका पथकाचा मोड झाला तरी लढाई चालूच असते. पण शेजारच्या पथकांच्या एकजुटीचीही परीक्षा होते, आणि मधलं पथक गेलं की दोन्हीकडच्यांच्या बगला उघड्या. म्हणून राखीव पथक फळीच्या पाठीमागे मध्यावर ठेवायचं, टोकाला नाही.

षट्कोन
‘कोंडी’, ‘वचक’, ‘मोर्चे लावणे’ घेतले. ‘सुलतानढवा’ पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देतो.