मदत हवी आहे: चेहऱ्यावरून नाव शोधावं का?

नमस्कार मंडळी. परवा नागपूरच्या संविधान चौकात झाडतोडीविरुद्ध आमचं धरणं होतं. साध्या कपड्यातल्या एकाने आमच्यातल्या एका पोरीचं पोस्टर हिसकून फाडलं, वर धक्काही दिला. व्हिडिओत चेहरा स्वच्छ दिसतो. आता पोरं म्हणतात, चेहरा शोधणाऱ्या साइटवर टाकू, नाव काढू, व्हायरल करू.

राग मलाही आहे. पण हिवाळी अधिवेशनात मोर्चावर कॅमेरे रोखले की आपणच ओरडतो ना? शिवाय मशीन चुकतं. 2018 च्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासात गडद रंगाच्या बायकांबाबत काही सॉफ्टवेअरची चूक जवळपास 35 टक्क्यांपर्यंत निघाली, आणि तीही नुसतं स्त्री की पुरुष एवढं ओळखण्यात! 2020 मध्ये डेट्रॉइटला रॉबर्ट विल्यम्स यांना चुकीच्या जुळणीवरून अटकच झाली. उद्या इतवारीतला भलताच दुकानदार निघाला तर? त्याचीही पोरंबाळं आहेत, भाऊ.

नाव न काढता नुसता व्हिडिओ ठाण्यात दिला तर तक्रार घेतात का? आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा आमच्यासारख्या गटाला लागतो का? कोणी वकील असेल तर सांगा. रविवारी बैठक आहे, तोवर पोरांना कसंबसं थांबवलंय.