मदत हवी आहे: वाई ते महाबळेश्वर गांधीलमाश्यांच्या नोंदी, उंचीचा परिणाम की पावसाचा?

नमस्कार मंडळी. मी वाईचा, पेशाने शिक्षक. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटाने वर जाताना गांधीलमाश्या टिपून ठेवायचा नाद लागलाय. वही भरली, पण अर्थ कसा लावायचा तिथे गाडी अडलीये.

वाई साधारण 700 मीटरवर. इथे तांबूस अंगाची, पिवळ्या तोंडाची व्हेस्पा ओरिएंटॅलिस हमखास दिसते. मटणाच्या दुकानापुढे तर ठाण मांडून. पाचगणीला विरळ, महाबळेश्वरात एकदाही नाही. काळी, रुंद पिवळ्या पट्ट्याची व्हेस्पा ट्रॉपिका मात्र खाली-वर सगळीकडे. ही बया रोपॅलिडिया या छोट्या गांधीलमाश्यांच्या कागदी पोळ्यांवर धाड घालून अळ्या पळवते. आमच्या व्हरांड्यातलं पोळं तिने दोन दिवसांत रिकामं केलं!

उंची वाढली की ओरिएंटॅलिस कमी, असं लिहून मोकळा होणार होतो. पण या वाटेवर उंचीबरोबर पाऊसही वाढतो. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर, वाईचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मग कारण नेमकं कुठलं, हे वेगळं कसं काढायचं?

शिवाय मी फक्त पोळी करणाऱ्याच मोजल्या. कुंभारीण आणि बाकीच्या एकट्या राहणाऱ्या सगळ्या सुटल्या. त्यांना पकडायला साबणाच्या पाण्याच्या पिवळ्या ताटल्या कुठेही ठेवल्या तर चालतं का?

प्रतिसाद 1:
सर, उत्तर तुमच्याच वाटेवर आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत फारसा फरक नाही, अंतर वीसेक किलोमीटर, पण पाचगणीचा पाऊस निम्म्याहूनही कमी. आधी या दोघांची तुलना करा. मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा: उंची वाईपेक्षाही कमी, पाऊस मात्र भरपूर. तिथेही ओरिएंटॅलिस नसेल तर संशय पावसावर.
ताटल्या जंगलात ठेवायच्या तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ओळखीच्या शेतात मालकाला विचारून सुरुवात करा, संध्याकाळी उचला.
एक राहिलं, प्रत्येक ठिकाणी किती वाजता मोजलंत?

धागाकर्ता:
वही काढून पाहिली. वाईच्या नोंदी सकाळी नऊ-दहाच्या उन्हातल्या. महाबळेश्वरच्या जवळजवळ सगळ्या चारनंतरच्या, धुक्यातल्या, परतीच्या एसटीवर डोळा ठेवून केलेल्या. आता वर मुक्काम करूनच मोजावं लागणार. आंबेनळीला सोबत येणारं कुणी आहे का?