मदत हवी आहे: पैठणीच्या कॅटलॉग शूटचं नियोजन

नमस्कार मंडळी. येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाच्या पैठण्यांचं कॅटलॉग शूट मिळालंय. आजवर लग्नांचे फोटो काढले, तिथे समोर घडेल ते टिपायचं. इथे मॉडेल, मेकअप, साडी नेसवणाऱ्या ताई, वेळ, सगळं मलाच जुळवायचंय. एका दिवसात 18 साड्या, 2 मॉडेल. निऱ्या-पदर नीट बसेपर्यंत 20 मिनिटं सहज जातात. एकीचे फोटो चालू असताना दुसरी तयार, असा क्रम लावलाय. दिवस पुरेल का?

खरी काळजी पदराची. सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा कापडी डबा लावलेला दिवा) समोरून लावला की जरी पांढरी फटक पडते, त्यात मोर हरवतात. बाजूने तिरपा लावला तर वीण सुरेख उठते, पण चेहऱ्यावर सावली येते. जरी धातूची, म्हणून लेन्सवरच्या नुसत्या पोलरायझरने (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने) चमक जात नाही. पदराचे क्लोजअप वेगळे, साडी पसरून घ्यावेत का?

शिवाय धूपछांव रंग. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, कोन बदलला की रंग बदलतो. ग्रे कार्ड (फोटोतले रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड) वापरूनही कोणता रंग खरा धरायचा, हे आपण ठरवायचं की विणकरांना शेजारी बसवून?

महिनोन्महिने मागावर बसून विणलेलं काम आहे, माझ्या फोटोत ते फिकं पडू नये. साड्यांचं शूट केलेल्यांनी कृपया सांगा.