२०१३-१४ ची ला लीगा (स्पेनची फुटबॉल लीग) सगळ्यात भारी का म्हणतात?

लाललाल_पट्टे: मी फुटबॉल उशिरा बघायला लागलो, त्या सीझनला अ‍ॅटलेटिको माद्रिद जिंकलं एवढंच माहितीये. त्यात एवढं काय होतं?

जुना_प्रेक्षक: अरे २००४ ला व्हॅलेन्सिया जिंकल्यानंतर नऊ वर्षं फक्त बार्सा (बार्सिलोना) नाहीतर रिआल माद्रिद, तिसरं कोणीच नाही! आणि शेवटची मॅच बार्साच्याच मैदानावर, कॅम्प नोऊवर, त्यांच्याविरुद्धच, बार्सा जिंकली असती तर ट्रॉफी त्यांची. पहिल्या हाफमध्येच अ‍ॅटलेटिकोचे डिएगो कोस्टा आणि आर्दा तुरान दोघंही जखमी होऊन बाहेर, वर बार्साच्या अलेक्सिसचा तो जबरदस्त गोल, मला तर वाटलं संपलं सगळं. मग हाफटाइमनंतर कॉर्नरवर अ‍ॅटलेटिकोच्या गोदिनचं हेडर, १-१, आणि पुढचा पाऊण तास मी श्वास रोखून बसलेलो.

बचाव_हाच_खेळ: गोदिन हिरो आहेच, पण खरं काम डिफेन्सचं. ३८ मॅचमध्ये फक्त २६ गोल खाल्ले, मागे गोलकीपर कोर्त्वा उभा. ९० पॉइंट, बाकी दोघं ८७ वर.

जुना_प्रेक्षक: आणि शेवटी बार्साच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या बघ, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

लाललाल_पट्टे: आज रात्रीच पूर्ण मॅच बघतो, थँक्यू दोघांना!