बोर्डिंगच्या सोलरचे पैसे - पाऊस लागायच्या आत हवेत

प्रेषक: बेबीताई (सध्या नाशिकरोड)

मंडळी, आत्ताच शाळेतून आले. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं, मग निकाल वाटले आणि दुपारपर्यंत बोर्डिंग जवळजवळ रिकामं. सिस्टरांनी परत गच्चीवरच्या पाणी तापवायच्या सोलरच्या पैशांचं विचारलं. टाकीवाला म्हणतो अ‍ॅडव्हान्स मिळाल्याशिवाय मी स्टँडचं लोखंड उचलणार नाही, आणि जूनमध्ये एकदा पाऊस लागला की गच्चीवर वेल्डिंग विसरा. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, मुली परत येतात. पाडव्याला हॉलमध्ये सगळ्यांनी उत्साहाने दिलेले पैसे अजून मराठी मंडळाच्या अमेरिकेतल्या खात्यात का पडून आहेत? अण्णा, प्लीज आजच्या आज ट्रान्सफर करा.

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

बेबीताई, पाडव्याच्या मीटिंगलाच बोललो होतो पण तेव्हा जेवणाची पानं मांडली होती. मंडळ अमेरिकेत रजिस्टर्ड आहे म्हणजे भारताच्या कायद्याने आपण फॉरेन सोर्स, मग आपण सगळे घरी वरणभात खात असलो तरी. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची आगाऊ परवानगी नसलेल्या संस्थेने आपला एक डॉलर घेतला तरी अडचणीत ती संस्था येते, आपण नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर परदेशातला पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जावा लागतो, नाशिकरोडच्या शाखेत सरळ टाकता येत नाही. तुम्ही मला जो अकाउंट नंबर पाठवलात तो शाळेचा साधा फीचा आहे. त्यात मी पैसे टाकणार नाही. सिस्टरांना चौकशीला सामोरं जायला लावून गरम पाणी द्यायचं नाहीये आपल्याला.

प्रेषक: देवळाली कॅम्पवाले काका

अण्णा एवढा कायदा कशाला, माझ्या धाकट्या भावाच्या खात्यात टाका, जेलरोडला राहतो, तो कॅश काढून सिस्टरांच्या हातात देईल आणि पावती घेईल. आमच्या वेळी तांब्याचा बंब होता, पहाटे लाकडं पेटवायची आणि पहिल्या दहा जणांनाच कढत पाणी. निफाडचा पारा दर डिसेंबरात पेपरात येतो, नाशिकरोडला काही वेगळं नसतं. ही बोर्डिंगची परंपरा फार जुनी आहे, तो आफ्रिका धुंडाळणारा लिव्हिंगस्टन, त्याच्याबरोबर आफ्रिकेत गेलेली मुलं आपल्या नाशिकच्या मिशनमध्येच शिकलेली होती हे किती जणांना माहीत आहे?

प्रेषक: वहिनी

काका, ते नाशिकचं शरणपूर. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं, म्हणजे प्रोटेस्टंट, अँग्लिकन. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. जेकब वेनराइट तिथलाच, लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारले तेव्हा त्यांचं शव इंग्लंडपर्यंत घेऊन जाणाऱ्यांत तो होता. आपली शाळा कॅथलिक, नाशिक धर्मप्रांतातली, आणि तो धर्मप्रांत तर १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. दोन्हींचा अभिमान बाळगा पण एकात एक मिसळू नका, मंडळाच्या पुढच्या अंकात कोणीतरी तसंच छापेल.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

एक विचारायचं होतं, मंडळाच्या नावाने कॅथलिक शाळेला देणगी द्यायचं कार्यकारिणीत ठरलं होतं का? पाडव्याचा कार्यक्रम आमच्या समितीचा होता, त्यात ही देणगीची पेटी फिरवायचं आम्हाला आयत्या वेळी कळलं. विरोध नाही, पण पद्धत असावी.

प्रेषक: माई

पद्धत असावी हे मान्य, पण "कॅथलिक शाळेला" हे ज्या सुरात लिहिलंय त्याचं मला वाईट वाटलं. आमचे बाबा प्रेसमध्ये होते, नोटांच्या. आमच्या वर्गात प्रेसवाल्यांची, आर्टिलरीवाल्यांची, भगूरच्या शेतकऱ्यांची अशी सगळी मुलं. ख्रिस्ती मुली मोजक्या, त्याही कोणी वसईकडच्या कोणी श्रीरामपूरकडच्या, आणि त्यांचं मराठी आमच्यापेक्षा काही कमी नव्हतं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला आई आम्हाला घेऊन जायची, मेणबत्ती लावायची आणि येताना मुक्तिधामला थांबायची, तिला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते, त्याच्या पुढचं संमेलन तर नाशिकलाच झालं. मराठी मंडळाने मराठी बोलणाऱ्या मुलींना द्यायचं नाही तर कोणाला द्यायचं? आणि बोर्डिंगमध्ये आहेत कोण, पेठ-सुरगाणा-हरसूलच्या मुली. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि इथे येऊन मराठीत परीक्षा देतात.

प्रेषक: बेबीताई

माई बरोबर बोलल्या. आज मी पाहिलं ते सांगते. सकाळी आभाराची मिस्सा होती, ज्यांना यायचं त्या आल्या, बाकीच्या व्हरांड्यात पेट्या आवरत होत्या. आईबाप भल्या पहाटेची एसटी धरून आलेले, काही जण जीपने. एकाच्या पिशवीत सिस्टरांसाठी करवंदं. प्रत्येक मुलीला सिस्टर बाजूला घेऊन बोलत होत्या आणि बापाकडे बघून एकच वाक्य, जूनला परत आणा. कारण सगळ्या येत नाहीत हो. सुट्टीत कोणाचं लग्न ठरतं, कोणी आईबरोबर द्राक्षबागेच्या कामाला जाते, आणि थंडीत गार पाण्याने आजारी पडून घरी गेलेली मुलगी तर हमखास मागे राहते. म्हणून हा सोलर. हौस नाहीये ती.

आता मुद्दा. संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले. शाळा धर्मप्रांताच्या संस्थेची आणि बोर्डिंग सिस्टरांच्या संस्थेचं, दोन्हींची एफसीआरए नोंदणी वेगळी. शाळेच्या संस्थेने घेऊन बोर्डिंगला द्यायचे हे आता चालत नाही, २०२० पासून एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा पुढे देणं बंद आहे. म्हणजे सिस्टरांच्या संस्थेच्याच दिल्लीच्या खात्यात पाठवायला लागतील. ते डिटेल्स त्यांच्या प्रोव्हिन्शियल (विभागीय मुख्य) ऑफिसातून मागवलेत, तिथल्या सिस्टर प्रवासात आहेत.

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

हे उत्तम झालं. काका, भावाच्या खात्याचा रस्ता नको, नातेवाईकाला घरखर्चाला पाठवणं वेगळं आणि त्याच्यामार्फत संस्थेला देणगी पोचवणं वेगळं. पण एक वाट सरळ आहे: ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ते सिस्टरांच्या संस्थेच्या साध्या खात्यात चालतात, सोबत पासपोर्टची प्रत द्या. ओसीआयवाल्यांना (पासपोर्ट परदेशी, सोबत भारताचं ओसीआय कार्ड) ही सवलत नाही, मीही त्यातच. तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी अ‍ॅडव्हान्सपुरते आता पाठवावेत, पेटीतली रक्कम दिल्लीच्या खात्याचे डिटेल्स आले की मंडळातर्फे जाईल. समितीला: शनिवारी कार्यकारिणीचा ठराव करून घेतो, तुमचंही नाव त्यात असेल.

प्रेषक: बंटी

मी एच-वन व्हिसावर आहे, पासपोर्ट भारतीय, माझं नाव घ्या. पण सोलर कुठला घेताय? बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार बसतो, सिन्नर फाट्याला काकांकडे दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागलं. आणि सुट्टीत टाकी भरलेली ठेवून उन्हात तापू देऊ नका, कलेक्टर झाकायला सांगा.

प्रेषक: देवळाली कॅम्पवाले काका

बंटी, म्हणून बंब बरा म्हणतो मी. क्षार बसला तर चिंच लावून घासता येतो. सोलरबरोबर एक बंबही ठेवा, ढगाळ दिवसाला कामाला येईल, तांब्याचा मी देतो, आमच्या घरी माळ्यावर आहे.

प्रेषक: बेबीताई

काका बंब चालेल, पण लाकडं कोण फोडणार ते सिस्टरांना विचारून सांगते. बंटी, महापालिकेचं पाणी येतं पण उन्हाळ्यात बोअरवरच असतात, टाकीवाल्याला उद्या विचारते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मला वेगळी मेल करा, सगळ्या लिस्टला नको. वहिनी, तुमचं अजून भारतीयच ना?