‘द डेथ ऑफ युगोस्लाव्हिया’: सत्ताधाऱ्यांच्याच तोंडून ऐकलेला इतिहास कितपत ग्राह्य धरावा?

शंकेखोर

बीबीसीची ‘द डेथ ऑफ युगोस्लाव्हिया’ ही माहितीपट मालिका अलीकडेच पाहून झाली. ती १९९५ साली प्रथम दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला. मालिकेची बांधणी पक्की आहे याबद्दल वाद नाही. माझी अडचण वेगळी आहे. सर्बियाचे मिलोशेविच, क्रोएशियाचे तुज्मान आणि बॉस्नियाचे इझेतबेगोविच हे राष्ट्राध्यक्ष, तसेच बॉस्नियातील सर्बांचे नेते काराजिच ही सारी मंडळी तिच्यात स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, आणि तेही अशा वेळी की बॉस्नियातले युद्ध संपवणारा डेटनचा समझोता अजून व्हायचा होता. प्रत्येकाच्या हाती सत्ता होती आणि प्रत्येकाला आपली बाजू जगाच्या गळी उतरवायची होती. युद्धाला जे कारणीभूत ठरले त्यांनीच युद्धाची हकिकत सांगावी आणि आपण ती इतिहास म्हणून ऐकून घ्यावी, हे काही केल्या पटत नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर वर्गात यातले काही भाग दाखवावेत असा विचार आहे, म्हणून विचारतो: अशा मालिकेतले काय पुरावा म्हणून घ्यावे आणि काय घेऊ नये?

जुना वाचक

आपली शंका रास्त आहे, पण ती ज्या पद्धतीवर आहे ती पद्धत आधी नीट पाहावी लागेल. मालिका बनवणारी ब्रायन लॅपिंग यांची संस्था आणि मालिकेच्या निर्मात्या नॉर्मा पर्सी यांचा शिरस्ता असा, की ज्या खोलीत निर्णय झाला त्या खोलीत प्रत्यक्ष हजर असलेल्यालाच विचारायचे. विश्लेषक, प्राध्यापक, वार्ताहर यांना पडद्यावर जवळजवळ थाराच नाही. एकाच बैठकीला बसलेल्या परस्परविरोधी गटांतल्या माणसांना वेगवेगळे गाठून तोच प्रसंग त्यांच्याकडून वदवून घ्यायचा, आणि त्यांच्या सांगण्यातले जुळणारे व न जुळणारे असे दोन्ही प्रेक्षकांपुढे ठेवायचे, अशी ही रीत आहे.

१२ मार्च १९९१ च्या बैठकीचे उदाहरण घ्या. युगोस्लाव्हियाचे आठ सदस्यांचे सामूहिक अध्यक्षमंडळ लष्कराच्या मुख्यालयात बोलावले गेले आणि सेनाधिकाऱ्यांनी आणीबाणी लागू करण्याची मागणी केली. या बैठकीचे चित्रण खुद्द लष्करानेच करून ठेवले होते. थंडगार खोलीत कोट घालून बसलेले ते सदस्य आपल्याला दिसतात, आणि त्यांच्यातलेच सर्बियाचे बोरिसाव्ह योविच व क्रोएशियाचे स्तिपे मेसिच त्याच घटनेबद्दल आपापल्या परीने बोलतात. मत निर्णायक ठरले ते बॉस्नियाचे सदस्य बोगिच बोगिचेविच यांचे. ते स्वतः सर्ब, त्यामुळे ते लष्कराच्या बाजूने झुकतील अशी अटकळ होती. त्यांनी विरोध केला आणि मागणी बारगळली. इथे मुलाखत एकटी उभी नाही, तिला चित्रणाचा टेकू आहे.

दुसरा प्रसंग एप्रिल १९८७ मधला, कोसोव्हो पोल्ये इथला. कोसोव्हो हा सर्बियातला अल्बेनियन बहुसंख्येचा प्रांत. पोलीस सर्ब जमावावर लाठ्या चालवतात, जमावातून दगड येतात, आणि मिलोशेविच बाहेर येऊन ‘तुम्हाला मारण्याची कोणाची हिंमत होता कामा नये’ अशा आशयाचे जे बोलतात त्यावर त्यांचे पुढचे सारे राजकारण उभे राहते. मात्र हा उद्रेक उत्स्फूर्त नव्हता. दगडांनी भरलेले ट्रक आधीच आणून ठेवले होते, असे तिथले सर्ब संघटक मिरोस्लाव्ह शोलेविच मालिकेत स्वतःच सांगून टाकतात. त्यांच्या स्वरात अपराधीपणा नाही, उलट कामगिरी फत्ते केल्याचा आनंद आहे. माणूस स्वतःचा बचाव करू लागला की सावध व्हावे. तो फुशारकी मारू लागला की वही काढावी.

तळटीप

जुना वाचक यांनी पद्धतीचे गुण सांगितले. तिच्यात काय बसत नाही तेही सांगायला हवे. ‘खोलीत कोण होते’ एवढाच निकष लावला की खोलीबाहेरचे सगळे गळून पडते. ऐंशीच्या दशकातले परकीय कर्ज, १९८९ मध्ये हाताबाहेर गेलेली महागाई, पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांचा आर्थिक सुधारणांचा प्रयत्न आणि त्याची झालेली वाताहत, हे सारे मालिकेत कडेकडेने येते. परिणामी पाच-सहा पुरुषांनी बसून देश मोडला, अशी समजूत घेऊन प्रेक्षक उठतो. ती अगदी खोटी नाही, पण अपुरी आहे.

दुसरा मुद्दा निवेदनाचा. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात मिलोशेविच यांच्यावरील खटल्यात या मालिकेतली सामग्री पुरावा म्हणून मांडली गेली, तेव्हा न्यायाधीश बॉनमी यांनी निवेदनातला बराचसा भाग पूर्वग्रहदूषित वाटतो असे म्हटले. भाषांतराच्या अचूकतेबद्दलही प्रश्न निघाले. वजन राहिले ते प्रत्यक्ष मुलाखतींना. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते, असे मला वाटते. शंका आपण मुलाखतींवर घेतली आहे. न्यायालयाने ती मुलाखतींना जोडणाऱ्या आवाजावर घेतली.

जाता जाता एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार हे भारतीय होते, आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगायचे तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. सर्ब तेवढे दुष्ट आणि बाकी सारे सज्जन असे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे होते, असे त्यांनी १९९९ मध्ये स्पष्टपणे लिहिले. त्यांचे म्हणणे सर्वांना मान्य होईल असे नाही, तरी वर्गात मालिकेसोबत ते वाचायला द्यावे.

पूर्वकिनारा

तुलनेसाठी एक अगदी निराळा नमुना सुचवतो. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरमधील दिली शहरातल्या सांताक्रूझ दफनभूमीत इंडोनेशियाच्या सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, तेव्हा ब्रिटिश पत्रकार मॅक्स स्टाल हे आत चित्रण करत होते. पकडले जाण्यापूर्वी त्यांनी टेप एका कबरीत पुरून ठेवली, नंतर रात्री येऊन ती काढली आणि ती चोरून देशाबाहेर नेली गेली. यॉर्कशायर टेलिव्हिजनने त्यावरून केलेला माहितीपट १९९२ च्या आरंभी दाखवला गेला. इथे कोणा सत्ताधीशाची मुलाखत मिळवावी लागली नाही, त्यामुळे कोणाची मर्जी राखण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र गोळीबाराचा हुकूम कोणी आणि का दिला, हे ती टेप सांगू शकत नाही. ते कळायला पुन्हा कोणाला तरी त्या ‘खोली’तल्या माणसाकडेच जावे लागते.

शंकेखोर

सर्वांचे आभार. मुलाखती आणि निवेदन यांची फारकत करून पाहावी, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग असा प्रश्न उरतो, की मूळ मुलाखती पूर्ण स्वरूपात कुठे वाचायला मिळतात का? पडद्यावर आलेले दोन मिनिटांचे बोलणे कशातून कापून घेतले आहे ते कळल्याशिवाय ही फारकत अर्धवटच राहील.

जुना वाचक

मिळतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील लिडेल हार्ट लष्करी अभिलेखागारात या मालिकेच्या मुलाखतींच्या संहिता जतन केलेल्या आहेत. आपल्या ग्रंथालयामार्फत तिथे पत्र पाठवून पाहावे. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या भागातला १२ मार्चचा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा आणि कोण कोणाकडे पाहते ते विद्यार्थ्यांना टिपायला सांगा. निवेदनासह मागाहून दाखवा.