एकमत, एकसूत्रता की एकवाक्यता?

प्रश्न : 'टीम अलाइन करणे' यासाठी आमच्या अहवालात एकाने 'संघाचे संरेखन' लिहिले, दुसऱ्याने 'एकमत घडवणे' सुचवले. योग्य शब्द कोणता? आणि अशा कामात 'सर्जनशीलता' म्हणावे की 'कल्पकता'?

उत्तर : 'संरेखन' रूळ, रस्ते, चाके यांना शोभते, माणसांच्या बाबतीत त्यातून ओळीत उभे करण्याचा भाव येतो. 'एकमत' मतापुरतेच असते, आणि एकमत होऊनही काम जागचे न हलल्याचे आपण नेहमी पाहतो. माझा कौल 'एकवाक्यते'ला आहे. हा शब्द मीमांसाशास्त्रातला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातला आहे. या शास्त्राचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रानुसार जी पदे, म्हणजे वाक्यातले शब्द, सुटी केल्यास एकमेकांची अपेक्षा ठेवतात आणि एकत्र आल्यावर एकच प्रयोजन साधतात, त्यांचे एक वाक्य होते. प्रत्येक पद वेगळे राहते, कुणीही कुणासारखे होत नाही, तरी एकावाचून दुसऱ्याचे भागत नाही. आराखडा करणारा, हिशेब पाहणारा आणि प्रत्यक्ष बांधणारा यांच्यातले नाते नेमके असेच असायला हवे.

प्रतिसाद : व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु आज 'त्यांच्या सांगण्यात एकवाक्यता नाही' असे आपण बोलण्याविषयीच म्हणतो. कामासाठी 'एकसूत्रता' अधिक रुळलेली वाटते. महाराष्ट्र शासनाच्या आदर्श गाव योजनेत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांना 'पंचसूत्री'च म्हटले गेले.

उत्तर : उदाहरण चांगले आहे, पण सूत्र वरून दिलेलेही असू शकते. त्याच योजनेतल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पुढे जे केले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी राखले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरते. विहिरी ज्याच्या त्याच्या असल्या, तरी त्यांखालचे पाणी सगळ्यांचे आहे ही गोष्ट त्या हिशेबामुळे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. याला मी 'कल्पकता' म्हणेन; 'सर्जनशीलता' कलाकृतीच्या निर्मितीसाठी राखावी, कारण अडचणीतून वाट काढणारी युक्ती 'कल्पकते'तच नीट व्यक्त होते.

तेव्हा अहवालात 'सर्व गटांत उद्दिष्टाबाबत एकवाक्यता आणणे' असे लिहावे, नियमांच्या संदर्भात 'एकसूत्रता' ठेवावी आणि रोजच्या बोलण्यात 'कामाचा मेळ बसवणे' खुशाल वापरावे.